चाचा रामगुलाम आणि लांबलेली निवडणूक

जून १९८२ मध्ये मॉरिशसच्या मतदारांनी दिलेला कौल एकतर्फी होता. मुख्य बेटावरील थेट निवडणुकीच्या साठही जागा विरोधी आघाडीने जिंकल्या आणि सत्ताधारी मजूर पक्षाचा एकही उमेदवार मतदानातून सभागृहात पोहोचला नाही. स्वातंत्र्यापासून चौदा वर्षे पंतप्रधानपदी असलेले सर शिवसागर रामगुलाम स्वतःच्या पांपलमूस-त्रियोले मतदारसंघात पराभूत झाले. वय एक्क्याऐंशी. ज्या पिढीने त्यांना देशाचे जनक मानले आणि प्रेमाने ‘चाचा’ म्हटले, तिच्याच मुलांनी त्यांना घरी बसवले. रामगुलाम यांनी निकाल मान्य केला आणि राजीनामा दिला. आफ्रिका खंडातील बहुतेक नवस्वतंत्र देशांत तेव्हा सत्तांतर होत असे ते लष्करी बंडाने किंवा सत्ताधीशाच्या मृत्यूने. या छोट्या बेटावर ते मतपेटीतून झाले.

याच रामगुलामांनी एका दशकापूर्वी ठरलेली सार्वत्रिक निवडणूक चार वर्षे पुढे ढकलली होती. आणीबाणी पुकारून विरोधी नेत्यांना त्यांनी तुरुंगात टाकले होते आणि वृत्तपत्रांवर निर्बंध लादले होते. निवडणूक टाळणारा आणि निवडणुकीचा निकाल निमूटपणे मानणारा नेता एकच होता. त्यांच्या चरित्राचे सारे मर्म या विसंगतीत आहे, आणि ती समजून घ्यायची तर मॉरिशसच्या आघाडीच्या राजकारणाचा धागा सुरुवातीपासून पकडावा लागतो.

हिंदी महासागरातील हे बेट डचांनी सोडले, फ्रेंचांनी वसवले आणि १८१० मध्ये इंग्रजांनी जिंकून घेतले. गुलामगिरी संपुष्टात येताच उसाच्या मळ्यांवर मजूर हवे झाले. १८३४ पासून पुढची सुमारे पंचाहत्तर वर्षे करारबद्ध भारतीय मजुरांची जहाजे पोर्ट लुईच्या धक्क्याला लागत राहिली. साडेचार लाखांच्या आसपास माणसे या वाटेने आली. त्यांत बिहार आणि उत्तर प्रदेशातील भोजपुरी भाषकांची संख्या सर्वाधिक होती, पण तमिळ, तेलुगू, गुजराती यांच्याबरोबर कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला देशात सार्वजनिक सुट्टी असते. जमिनी आणि साखर कारखाने मात्र मूठभर फ्रेंच वंशीयांच्या हाती होते. त्यांच्याखालोखाल गुलामांचे वंशज असलेला क्रिओल समाज, त्याशिवाय मुस्लिम आणि चिनी व्यापारी. कोणताही एक समाज दुसऱ्याला वगळून सुखाने राज्य करू शकणार नाही, अशी ही लोकसंख्येची घडण होती.

बिहारमधील हरिगाव सोडून १८९६ मध्ये आलेल्या मोहित रामगुलाम यांचा हा मुलगा १८ सप्टेंबर १९०० रोजी बेल रीव्ह या खेड्यात जन्मला. घरात त्याला केवल म्हणत. सात वर्षांचा असताना वडील गेले. पुढे गोठ्यातील अपघातात डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. संध्याकाळी ‘बैठके’त, म्हणजे गावातल्या भारतीयांनी चालवलेल्या पाठशाळेत, हिंदी अक्षरे आणि रामायणाचे संस्कार, तर दिवसा सरकारी शाळेत इंग्रजी-फ्रेंच, असे दुपेडी शिक्षण त्याला मिळाले. हुशारीच्या जोरावर तो क्युरपीपच्या रॉयल कॉलेजात पोहोचला आणि थोरल्या भावाच्या मदतीने १९२१ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेला.

लंडनमध्ये त्याने चौदा वर्षे काढली. पदवीला लागलेल्या या दीर्घ काळाचे कारण आर्थिक ओढाताण हे होतेच, पण राजकारणाची ओढही होती. भारतीय स्वातंत्र्य चळवळीतील मंडळींच्या वर्तुळात त्याचा वावर होता आणि फेबियन समाजवाद्यांच्या विचारांनी तो प्रभावित झाला. संसदेच्या मार्गाने, टप्प्याटप्प्याने, कायद्याच्या चौकटीत समाज बदलता येतो, ही श्रद्धा तेथे पक्की झाली. क्रांतीची भाषा रामगुलाम यांनी कधीच केली नाही. त्यांचा पिंड वाटाघाटी करणाऱ्याचा होता. पुढच्या आयुष्यातील यश आणि अपयश दोन्ही या पिंडातूनच आले.

१९३५ मध्ये डॉक्टर होऊन ते परतले, तेव्हा बेटावर असंतोष धुमसत होता. पुढच्याच वर्षी डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्षाची स्थापना केली. १९३७ मध्ये उसाच्या मळ्यांवर दंगली उसळल्या आणि मजुरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. रामगुलाम त्या लढ्यात थेट उतरले नाहीत. १९४० मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स’ या दैनिकाच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला आणि त्याच वर्षी विधान परिषदेवर त्यांची नियुक्ती झाली. तेथून सारा जोर त्यांनी एकाच मागणीवर लावला. मतदानाला मालमत्तेची अट नको.

१९४८ मध्ये नवी राज्यघटना आली आणि साधे लिहिता-वाचता येणाऱ्यालाही मताचा हक्क मिळाला. बारा हजारांच्या घरातील मतदारयादी एकदम सत्तर हजारांवर गेली. मळ्यावरच्या खोपटांत, बैठकीतल्या कंदिलाच्या उजेडात जे प्रौढ अक्षरे गिरवत होते, ते आता मतदार झाले. त्या निवडणुकीत रामगुलाम निवडून आले. १९५३ मध्ये ते औपचारिकपणे मजूर पक्षात दाखल झाले आणि लवकरच त्याचे निर्विवाद नेते बनले. १९५९ मध्ये सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला, १९६१ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि १९६४ मध्ये प्रीमियर.

स्वातंत्र्य जवळ येत होते, पण सर्वांना ते हवे होते असे नाही. हिंदू बहुसंख्याकांचे राज्य येईल या भीतीने क्रिओल आणि फ्रेंच वंशीय समाज धास्तावला होता. गायतान दुवाल या तरुण, देखण्या आणि कमालीच्या लोकप्रिय क्रिओल वकिलाने पीएमएसडी पक्षामार्फत या भीतीला आवाज दिला. ब्रिटनशी संलग्न राहावे, अशी त्यांची मागणी होती. रामगुलाम यांनी उत्तरादाखल आघाडी बांधली. मजूर पक्ष, सुकदेव बिसुनदयाल यांचा इंडिपेंडंट फॉरवर्ड ब्लॉक आणि अब्दुल रझाक मोहम्मद यांची मुस्लिम कृती समिती यांनी मिळून ‘इंडिपेंडन्स पार्टी’च्या नावाने निवडणूक लढवली. बिसुनदयाल हे एरवी रामगुलामांचे कडवे टीकाकार. तेही या मांडवाखाली आले.

निवडणुकीची पद्धतच अशी आखण्यात आली होती की आघाडीशिवाय गत्यंतर नव्हते. मुख्य बेटावर वीस मतदारसंघ, प्रत्येकातून तीन उमेदवार निवडायचे आणि रॉड्रिग्ज बेटावरून दोन, अशा ६२ जागा. त्यावर आठ जादा जागा. निकालानंतर ज्या समाजाला पुरेसे प्रतिनिधित्व मिळाले नसेल, त्या समाजातील पराभूतांपैकी सर्वांत चांगली कामगिरी केलेल्यांना त्या दिल्या जात. ही पद्धत ‘बेस्ट लूझर’ म्हणून ओळखली जाते. तीन जागांसाठी तीन मते असल्यामुळे प्रत्येक पक्ष उमेदवारांचे त्रिकूट उभे करी आणि त्या त्रिकुटात वेगवेगळ्या समाजांचे चेहरे ठेवी. मतदारसंघापासूनच तडजोडीची सवय लागे. मात्र याच पद्धतीचा एक धोका होता. थोड्या मताधिक्याने तिन्ही जागा एकाच बाजूला जात, आणि लाट आली की विरोधक जवळपास नाहीसा होई.

७ ऑगस्ट १९६७ च्या मतदानात स्वातंत्र्यवाद्यांना सुमारे ५५ टक्के आणि दुवाल यांना ४४ टक्के मते मिळाली. स्वातंत्र्याचा निर्णय झाला, पण देशातील पाचांपैकी दोघांहून अधिक मतदारांनी विरोधात कौल दिला होता. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांमध्ये दंगल पेटली आणि ती शमवायला सिंगापूरहून ब्रिटिश सैनिक आणावे लागले. १२ मार्च १९६८ रोजी शाँ द मार्सच्या मैदानावर ध्वज बदलला, तेव्हा आनंदाबरोबर भीतीचेही सावट होते. हजारो क्रिओल कुटुंबे ऑस्ट्रेलिया आणि युरोपच्या वाटेला लागली.

या स्वातंत्र्याची आणखी एक किंमत मोजली गेली होती. १९६५ मध्ये लंडनमधील वाटाघाटींच्या वेळी चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडून ब्रिटनने स्वतःकडे ठेवला. त्यातील दिएगो गार्सिया बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी हवे होते. मॉरिशसला ३० लाख पौंड मिळाले आणि पुढील काही वर्षांत चागोसवासीयांना त्यांच्या घरांतून हुसकावण्यात आले. रामगुलाम यांच्यापुढे त्या वेळी खरोखर पर्याय होता का, यावर आजही वाद होतात. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लागार मतात हे विभाजन लोकांच्या मुक्त इच्छेने झाले नव्हते, असा निष्कर्ष काढला. त्यामुळे त्यांच्यावरील दोषाचा भार काहीसा हलका झाला, पण विस्थापितांचे दुःख त्याने भरून आले नाही.

स्वातंत्र्यानंतरचे पहिले आव्हान बेकारीचे होते. लोकसंख्या भराभर वाढत होती, साखरेशिवाय दुसरे उत्पन्न नव्हते आणि समाजातील फूट ताजी होती. डिसेंबर १९६९ मध्ये रामगुलाम यांनी धाडसी खेळी केली. स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या दुवाल यांनाच त्यांनी सरकारात घेतले आणि परराष्ट्रमंत्री केले. ज्यांना पराभूत करण्यासाठी आघाडी केली होती, त्यांच्याशीच आघाडी झाली. बिसुनदयाल यांचा पक्ष बाहेर पडून विरोधी बाकांवर बसला. जातीय सलोख्याच्या दृष्टीने या तडजोडीचे मोल मोठे होते. क्रिओल समाजाला नव्या देशात आपलेपणा वाटू लागला आणि फ्रेंच वंशीयांचे भांडवल बेटावरच राहिले. १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला आणि कापड उद्योगाचा पाया घातला गेला.

परंतु या कराराला एक अट जोडलेली होती. १९७२ मध्ये अपेक्षित असलेली सार्वत्रिक निवडणूक १९७६ पर्यंत लांबवायची. त्यासाठी घटनादुरुस्ती करणे भाग होते आणि तिला लागणारे तीन चतुर्थांश बहुमत एकट्या मजूर पक्षाकडे नव्हते. ते बहुमत या आघाडीनेच मिळवून दिले. देशाला स्थैर्य हवे, असे समर्थन करण्यात आले. पण मतदारांनी पाच वर्षांसाठी दिलेला अधिकार सत्ताधाऱ्यांनी आपसांत ठरवून वाढवून घेतला होता, ही वस्तुस्थिती कोणत्याही समर्थनाने झाकली जाण्यासारखी नव्हती.

दोन मोठे पक्ष एकत्र आल्यामुळे विरोधाची जागा रिकामी झाली. ती जागा तरुणांनी घेतली. १९६८ च्या पॅरिसमधील विद्यार्थी आंदोलनाच्या वातावरणातून आलेला पॉल बेरांजे हा फ्रेंच वंशीय तरुण, तेलुगू घरातील भाषातज्ज्ञ आणि नाटककार देव विरासामी आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये एमएमएम हा डावा पक्ष काढला. वंशभेदाऐवजी वर्गभेदावर बोट ठेवणारा आणि क्रिओल बोलीत बोलणारा हा पक्ष मळ्यांत आणि बंदरात वाऱ्यासारखा पसरला. सप्टेंबर १९७० मध्ये रामगुलाम यांच्याच मतदारसंघात झालेल्या पोटनिवडणुकीत विरासामी विजयी झाले. सरकारचे धाबे दणाणले. १९७१ मध्ये गोदी कामगारांच्या संपाने बंदर ठप्प झाले आणि डिसेंबरमध्ये आणीबाणी पुकारण्यात आली. बेरांजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढील वर्षाचा बहुतेक काळ विनाचौकशी तुरुंगात काढला. कामगार संघटनांवर बंदी आली, पक्षाचे मुखपत्र बंद पडले आणि वृत्तपत्रांना सेन्सॉरचा काच बसला. १९७३ मध्ये पोटनिवडणुकाच रद्द करण्यात आल्या. त्रियोलेचा धडा सत्ताधाऱ्यांनी असा घेतला होता. त्याच वर्षी रामगुलाम यांना संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार मिळाला, हा इतिहासाचा बोचरा योगायोग.

त्या वर्षाच्या अखेरीस दुवाल यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आले आणि आघाडी मोडली. निवडणूक लांबवण्यासाठी झालेली मैत्री संपली होती, लांबवलेली निवडणूक मात्र कायम होती. रामगुलाम आता एकटे राज्य करत होते आणि साखरेचे भाव तेजीत असल्यामुळे तिजोरी भरलेली होती. जानेवारी १९७५ मध्ये नागपूरला भरलेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनाला ते सन्मानाने आले. इंदिरा गांधींच्या उपस्थितीत झालेल्या त्या सोहळ्यात सातासमुद्रापार हिंदी जपणाऱ्या या नेत्याचे महाराष्ट्राच्या भूमीवर मोठे स्वागत झाले. त्यानंतर पाच महिन्यांनी भारतातही आणीबाणी आली. हिंदी महासागराच्या दोन किनाऱ्यांवरील दोन लोकशाह्या एकाच आजाराने ग्रस्त झाल्या होत्या.

मॉरिशसमध्ये कोंडी फोडण्याचा मान शाळकरी मुलांना जातो. २० मे १९७५ रोजी माध्यमिक शाळांचे हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. खासगी शाळांची भरमसाठ फी, परक्यांच्या इतिहासाने भरलेला अभ्यासक्रम आणि श्रीमंत-गरिबांच्या शाळांतील तफावत यांविरुद्ध हा उठाव होता. राजधानीच्या वेशीवरील पुलाजवळ पोलिसांनी अश्रुधूर सोडला. रामगुलाम यांनी या घटनेचा अर्थ अचूक ओळखला. निवडणुकीपूर्वी मतदानाचे वय एकवीसवरून अठरा करण्यात आले आणि माध्यमिक शिक्षण मोफत करण्याची घोषणा झाली. १९७७ च्या प्रारंभी ती अमलातही आली.

आणि २० डिसेंबर १९७६ रोजी मतदान झाले. वाढीव मुदत आणखी वाढवण्याचा मोह रामगुलाम यांनी टाळला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. नऊ वर्षांनी मतपेट्या उघडल्या तेव्हा बहुमत कोणाकडेच नव्हते. जादा जागा धरून ७० जणांच्या सभागृहात एमएमएम ३४, रामगुलाम यांची आघाडी २८ आणि दुवाल यांचा पक्ष ८. चार वर्षांपूर्वी ज्यांना गजाआड केले होते, ते आता सर्वांत मोठा पक्ष होते.

येथे रामगुलाम यांच्यातला जुना वाटाघाटी करणारा पुन्हा जागा झाला. दुवाल यांच्याशी त्यांनी समझोता केला आणि ७० पैकी ३६ सदस्यांचे सरकार स्थापन केले. सर्वाधिक जागा मिळवणारा पक्ष विरोधात बसला आणि पराभूत पक्षांची बेरीज सत्तेवर आली, अशी टीका झाली. ती जिव्हारी लागणारी होती, पण घटनेनुसार सभागृहातील बहुमत ज्याच्या मागे, सरकार त्याचे. महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. एमएमएमने हा निकाल रस्त्यावर फिरवण्याचा प्रयत्न केला नाही. अनिरुद्ध जगन्नाथ विरोधी पक्षनेते झाले, बेरांजे संसदेत पोहोचले आणि क्रांतीची भाषा बोलणारा पक्ष प्रश्नोत्तराच्या तासात रमू लागला. लोकशाहीची पुनःस्थापना सरकार आणि विरोधी पक्ष अशा दोघांच्या हातून झाली. तीन महिन्यांनी, मार्च १९७७ मध्ये, भारतीय मतदारांनीही आपली लोकशाही परत मिळवली.

पुढची साडेपाच वर्षे हे सरकार काठावरच्या बहुमतावर तगले. साखरेचे भाव कोसळले, तेल महागले, परकीय गंगाजळी आटली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जावे लागले आणि १९७९ व १९८१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. १९७९ मध्ये मोठा संप झाला. मंत्र्यांवर भ्रष्टाचाराचे आरोप आले. पक्षातील हरीश बुद्धू यांनी वृद्ध नेतृत्वाविरुद्ध बंड करून वेगळा समाजवादी पक्ष काढला. काठावरचे बहुमत टिकवायचे तर प्रत्येक सदस्याला सांभाळावे लागते आणि ज्यांना सांभाळावे लागते त्यांना शिस्त लावता येत नाही. आघाडीच्या राजकारणाचे हे दुखणे रामगुलाम यांनी उतारवयात पुरेपूर भोगले. तरीही वेळ येताच निवडणूक झाली, आणि जगन्नाथ, बेरांजे, बुद्धू यांच्या आघाडीने मजूर पक्षाचा धुव्वा उडवला. सुमारे चौथा हिस्सा मते मिळूनही रामगुलामांच्या बाजूला थेट एकही जागा लाभली नाही.

नव्या सरकारने निवडणूक लांबवण्याचा मार्ग घटनेतच बुजवून टाकला. संसदेची पाच वर्षांची मुदत बदलायची तर सार्वमतात तीन चतुर्थांश मतदारांची आणि सभागृहात सर्व सदस्यांची संमती लागेल, अशी तरतूद झाली. रामगुलाम यांच्या चुकीतून देशाने घेतलेला हा सर्वांत टिकाऊ धडा होता.

साठपैकी साठ जागा मिळवणारे ते सरकार नऊ महिन्यांत फुटले. जगन्नाथ आणि बेरांजे वेगळे झाले. ऑगस्ट १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि जगन्नाथ यांनी नवा पक्ष काढून मजूर पक्ष आणि दुवाल यांच्याशी हातमिळवणी केली. ज्यांनी वर्षापूर्वी रामगुलामांना हरवले, त्यांना आता त्यांचीच साथ हवी होती. वर्षअखेरीस रामगुलाम गव्हर्नर जनरल झाले. १५ डिसेंबर १९८५ रोजी त्याच पदावर असताना त्यांचे निधन झाले. पांपलमूसच्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानात त्यांची समाधी आहे. उद्यानाला आणि देशाच्या विमानतळाला त्यांचे नाव आहे.

त्यांच्यामागे मॉरिशसमध्ये आघाड्या जुळत, मोडत आणि नव्याने जुळत राहिल्या. १९९५ मध्ये त्यांचे चिरंजीव नवीनचंद्र रामगुलाम आणि बेरांजे यांच्या आघाडीने पुन्हा साठही जागा जिंकल्या. २००३ मध्ये पूर्वी ठरलेल्या करारानुसार जगन्नाथ यांनी पंतप्रधानपद बेरांजे यांच्याकडे सोपवले. हिंदूबहुल देशात फ्रेंच वंशाचा पंतप्रधान झाला आणि आकाश कोसळले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवीनचंद्र आणि बेरांजे यांनी एकत्र लढून साठ-शून्यचा चमत्कार आणखी एकदा घडवला. ज्याला पित्याने तुरुंगात टाकले, त्याच्यासह पुत्राने सरकार बनवले.

या राजकारणाला संधिसाधू म्हणणे सोपे आहे, आणि ते पुष्कळदा तसे असतेही. तत्त्वांची उलथापालथ, घराण्यांचे वर्चस्व, जातीपातींची गणिते या सगळ्याचे बीज रामगुलाम यांच्याच काळात पेरले गेले. मात्र त्याच काळात आणखी एक गोष्ट रुजली. आजचा शत्रू उद्याचा भागीदार असू शकतो, म्हणून त्याला संपवायचे नाही, हरवायचे. आणीबाणीच्या वर्षांत रामगुलाम हा नियम विसरले. १९७६ मध्ये त्यांना तो आठवला आणि १९८२ मध्ये त्याची पूर्ण किंमत त्यांनी चुकती केली. बेल रीव्हच्या मजुराच्या या मुलाने देशाला स्वातंत्र्य मिळवून दिले, मोफत शिक्षण दिले, कल्याणकारी राज्याची चौकट दिली. सत्तेवरून पायउतार होण्याची रीत हा मात्र त्याचा सर्वांत मौल्यवान वारसा ठरला.